एजंटच्या हाती ट्रेडिंगची किल्ली देण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाषा-मॉडेलवर चालणारा एक एजंट तयार केला आहे. तो बातम्या आणि सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचतो, भाव बघतो आणि क्रिप्टो एक्स्चेंजवर स्वतः खरेदी-विक्री करतो. त्याला चार टूल्स दिली आहेत: शिल्लक बघणं, ऑर्डर टाकणं, ऑर्डर रद्द करणं आणि दुसऱ्या पत्त्यावर नाणी पाठवणं. सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की एका ऑर्डरला ५०० डॉलरच्या वर जायचं नाही आणि अनोळखी पत्त्यावर काही पाठवायचं नाही. महिनाभर खोट्या पैशांवर चाचणी झाली, एजंटने एकदाही नियम मोडला नाही. आता खरे पैसे लावायचे आहेत. एवढं पुरेसं आहे का?

नाही. आणि बाकी काही वाचण्याआधी ते चौथं टूल काढून टाका. नाणी पाठवण्याचं काम महिन्यातून एखाद-दोनदा निघतं, ते तुम्ही स्वतः लॉगिन करून करू शकता. खरेदी-विक्री करणाऱ्या एजंटला पैसे बाहेर पाठवता येण्याची गरजच नसते. टूल त्याच्याकडे नसेल तर ते वापरायला त्याला कोणी भरीस घालू शकत नाही.

मी बरीच वर्षं ऑर्डर गेटवेवर काम करतो. ट्रेडिंगचा प्रोग्राम आणि एक्स्चेंज यांच्या मधोमध बसून ‘ही ऑर्डर पुढे जाऊ द्यायची की नाही’ हे ठरवणारा जो भाग असतो, तो. पूर्वी समोरून येणारी ऑर्डर ठरलेल्या सूत्राने निघायची, आता ती मॉडेलकडून येते. गेटवेचं काम त्यामुळे बदललेलं नाही, पण त्याच्यावरचा भार फार वाढला आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी प्रॉम्प्टमधल्या नियमांबद्दल. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रेसा नावाच्या एजंटवर एक जाहीर स्पर्धा झाली. त्याच्या ताब्यात इथर या क्रिप्टो नाण्यातली बक्षिसाची रक्कम होती आणि त्याला एकच सूचना होती, काहीही झालं तरी पैसे कुणाला द्यायचे नाहीत. लोक पैसे भरून त्याला संदेश पाठवायचे, त्यातला मोठा भाग बक्षिसात जमा व्हायचा. ४८१ प्रयत्न फसले. ४८२ व्या संदेशाने सुमारे ४७ हजार डॉलर नेले. त्या माणसाने ‘पैसे दे’ म्हटलंच नाही. त्याने एजंटला पटवलं की पैसे पाठवायचं जे फंक्शन आहे, ते खरं तर आत येणाऱ्या पैशांसाठी वापरायचं असतं. मग म्हणाला, मला खजिन्यात १०० डॉलर जमा करायचे आहेत. एजंटने इमानेइतबारे ते फंक्शन चालवलं आणि खजिना रिकामा झाला.

या घटनेत नियम मोडला गेला नाही, हे नीट लक्षात घ्या. ‘पैसे देऊ नकोस’ हा नियम एजंटच्या समजुतीप्रमाणे तसाच उभा होता. बदलला तो शब्दांचा अर्थ. प्रॉम्प्टमधला नियम मॉडेलच्या समजुतीवर टिकून असतो, आणि समजूत बोलून बदलता येते. तुमच्या एजंटशी तर थेट बोलायचीही गरज नाही. तो पोस्ट वाचतो, म्हणजे पोस्ट लिहिणारा प्रत्येक जण त्याच्याशी बोलतोच आहे. मॉडेलपुढे तुमची सूचना आणि बाहेरून आलेला मजकूर एकाच ओघात येतात. त्यातला कुठला भाग हुकूम आणि कुठला नुसती माहिती, हे खात्रीने वेगळं ठेवण्याची सोय आज कोणत्याही मॉडेलमध्ये नाही. प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. त्यानंतर मॉडेल्स पुष्कळ सुधारली, पण हे दार पूर्ण बंद झालेलं नाही.

एजंटला जुनी संभाषणं आठवत असतील तर आणखी एक फट आहे. २०२५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एलायझा-ओएस या क्रिप्टो एजंटांच्या चौकटीवर दाखवून दिलं की एजंटच्या स्मृतीत खोटी नोंद घुसवता येते, आणि नंतर दुसऱ्याच कुणी साधा व्यवहार सांगितला तरी पैसे हल्लेखोराच्या पत्त्यावर जातात. आणि कधी कधी मॉडेलला फसवावंही लागत नाही. मार्च २०२५ मध्ये एआयएक्सबीटी या एजंटचे साडेपंचावन्न इथर गेले. ते चालवणाऱ्यांनी सांगितलं की हल्लेखोर त्यांच्या नियंत्रणाच्या डॅशबोर्डमध्ये शिरला आणि तिथून त्याने संदेश रांगेत लावले. एजंटला जे सांगितलं ते त्याने केलं.

तेव्हा मर्यादा अशा जागी हवी, जिथे मॉडेलचा हात पोचत नाही. अशा जागा तीन: एक्स्चेंजची एपीआय की (प्रोग्रामला खातं वापरू देणारी गुप्त किल्ली), तुमचं गेटवे आणि खात्यात मुळात ठेवलेली रक्कम. यातली सगळ्यात भक्कम तिसरी, आणि तिच्याकडेच लोक सर्वांत कमी लक्ष देतात. एजंटसाठी वेगळं सब-अकाउंट उघडा आणि त्यात तेवढेच पैसे ठेवा जे एका रात्रीत शून्य झाले तर तुम्हाला वाईट वाटेल, पण घर बसणार नाही. मार्जिन आणि फ्युचर्स, म्हणजे खात्यातल्या रकमेपेक्षा मोठे सौदे करू देणारे प्रकार, त्या खात्यावर बंद ठेवा. अशी उसनी ताकद, म्हणजे लिव्हरेज, चालू असेल तर ‘खात्यात एवढेच आहेत’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

किल्लीबद्दल. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर वाचणं, ट्रेडिंग आणि विथड्रॉवल (पैसे बाहेर काढणं) अशा परवानग्या वेगळ्या देता येतात, आणि किल्ली ठरावीक आयपी पत्त्यांनाच बांधता येते. विथड्रॉवल बंद, आयपी बांधलेला, हे तर करायचंच. पण ‘विथड्रॉवल बंद आहे, म्हणजे चोरी होऊच शकत नाही’ असं मला अनुभवी लोकही सांगतात, आणि ते चुकीचं आहे. ७ मार्च २०१८ रोजी बायनान्स या एक्स्चेंजवर जे झालं ते बघा. हल्लेखोरांनी फिशिंगने लोकांच्या खात्यांत शिरून त्यांच्या नावे एपीआय की तयार करून ठेवल्या होत्या. त्या दिवशी त्या किल्ल्या वापरून त्यांनी सगळ्या खात्यांतल्या बिटकॉइनने व्हायाकॉइन नावाचं, फारसा व्यवहार नसलेलं नाणं विकत घेतलं. भाव आकाशाला भिडला. विकणारी खाती हल्लेखोरांचीच होती, त्यांनी आधीपासून ते नाणं भरून ठेवलं होतं. त्या खेपेला एक्स्चेंजच्या यंत्रणेने पैसे बाहेर जाऊ दिले नाहीत, म्हणून डाव फसला. पण पीडितांच्या खात्यातून एकही विथड्रॉवल न करता पैसे दुसऱ्या खात्यात पोचले होते. २०२२ च्या अखेरीस थ्री-कॉमाज या ट्रेडिंग-बॉट सेवेतून वापरकर्त्यांच्या किल्ल्या फुटल्या, तेव्हाही हीच चाल वापरली गेली: पीडिताच्या खात्याला पातळ बाजारात महाग घ्यायला लावायचं आणि समोर आपण विकायला बसायचं.

तुमच्या एजंटच्या बाबतीत तर किल्ली चोरायचीही गरज नाही. एखाद्या नगण्य नाण्याबद्दल दहा खोट्या बातम्या पेरल्या की तो स्वतःहून जाऊन घेईल, तेही तुमच्याच ५०० डॉलरच्या मर्यादेत राहून, वीस वेळा. म्हणून व्यवहार करता येणाऱ्या जोड्यांची (कोणतं नाणं कशाच्या बदल्यात) यादी ठरलेली हवी, चार-पाचच, आणि सगळ्या खोल बाजाराच्या, म्हणजे जिथे घेणारे-विकणारे भरपूर असतात. काही एक्स्चेंज किल्लीवरच अशी यादी लावू देतात. तुमचं देत नसेल तर ते काम गेटवेचं.

आता गेटवे. हा शब्द ऐकून घाबरू नका. पहिल्या आवृत्तीला चार-पाचशे ओळींचा एक छोटा प्रोग्राम पुरतो. मात्र तो एजंटच्या प्रोसेसमध्ये नको, वेगळ्या सर्व्हरवर किंवा निदान वेगळ्या वापरकर्त्याच्या खात्याखाली चालायला हवा. एक्स्चेंजची किल्ली फक्त त्याच्याकडे असते. एजंटला ती दिसत नाही, त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नसते, लॉगमध्येही नसते. एजंट फक्त इच्छा कळवतो: ही जोडी, ही दिशा, एवढी रक्कम, या भावापर्यंत. गेटवे तपासतं, मग स्वतः सही करून ऑर्डर पाठवतं किंवा नकार देतं. या मार्गावर कुठेही मॉडेल नसावं. काही जण तपासणीसाठी दुसरं मॉडेल बसवतात. जादा नजर म्हणून त्याला माझी हरकत नाही, पण शेवटचा शब्द साध्या तुलनेच्या कोडचा हवा, कारण त्याला कोणी काही पटवून देऊ शकत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण बहुतेक घोटाळे इथे होतात. तुमच्या ऑर्डरच्या टूलमध्ये ‘क्वांटिटी’ नावाचा एक रकाना असेल. एजंटला ५०० डॉलरचं इथर घ्यायचं आहे. तो त्या रकान्यात ५०० लिहितो. एक्स्चेंजच्या लेखी क्वांटिटी म्हणजे नाण्यांची संख्या. म्हणजे मागणी गेली ५०० इथरची. खात्यात तेवढे पैसे नसतील तर एक्स्चेंज नाकारेल आणि तुम्ही वाचलात. पण तोच एजंट काही सेंटांना मिळणारं नाणं विकायला निघाला, तर ५०० डॉलरऐवजी ५०० नाणी विकली जातील, ऑर्डर बिनबोभाट पार पडेल, आणि एजंट आपल्या नोंदीत ‘५०० डॉलरची विक्री केली’ असं लिहून पुढचे सगळे निर्णय त्या चुकीवर उभे करेल. ही चूक मला जास्त घाबरवते, कारण ती ओरडत नाही. उपाय असा: टूलमध्ये ‘क्वांटिटी’ हे नावच ठेवू नका. रकान्याचं नाव ‘डॉलरमधली रक्कम’ असं ठेवा, नाण्यांची संख्या गेटवेला ताज्या भावावरून काढू द्या, आणि उत्तरात प्रत्यक्ष किती नाणी, कोणत्या भावाला, एकूण किती डॉलरची गेली हे एजंटला परत सांगा. आकडे दशांश मजकूर म्हणून पाठवा, फ्लोटिंग पॉइंट म्हणून नको, त्यात दशांश किंचित बदलू शकतात. ब्लॉकचेनवर थेट व्यवहार करत असाल तर हाच प्रश्न दशांश स्थळांचा होतो: यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्याला इथेरियमवर ६ स्थळं आहेत, इथरला १८. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावला तर फरक लाख कोटी पटींचा पडतो.

दुसरी गोष्ट, दोनदा जाणारी ऑर्डर. पूर्वी मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. बाजार उसळलेला होता, एक्स्चेंजकडून उत्तर वेळेत आलं नाही, टूलने एजंटला ‘टाइमआउट’ एवढंच कळवलं. एजंटने समजूतदारपणे विचार केला की ऑर्डर गेली नसावी, आणि पुन्हा टाकली. पुन्हा टाइमआउट. पुन्हा टाकली. तिन्ही गेल्या होत्या. कुणीही हल्ला केला नव्हता, कुणीही नियम मोडला नव्हता, तरी तिप्पट माल अंगावर आला आणि भाव खाली निघाला होता. त्या दिवशी स्क्रीनसमोर बसून मला पोटात जो गोळा आला, तो अजून आठवतो.

बायनान्सच्या एपीआय दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे की ५०० मालिकेतला एरर आला तर त्याला अपयश समजू नका, स्थिती अज्ञात आहे, ऑर्डर यशस्वीही झालेली असू शकते. ‘अज्ञात’ ही तिसरी अवस्था टूलच्या उत्तरात असलीच पाहिजे, आणि ती आली की पुढचं काम एजंटचं नाही. गेटवेने आधी क्लायंट ऑर्डर आयडीवरून (ऑर्डर पाठवताना आपणच तिला दिलेल्या ओळखीवरून) चौकशी करायची, उत्तर मिळेपर्यंत त्या जोडीवर नवी ऑर्डर घ्यायचीच नाही. इथे एक बारीक खाच आहे. पुष्कळांना वाटतं की तोच क्लायंट ऑर्डर आयडी पुन्हा पाठवला तर एक्स्चेंज दुसरी ऑर्डर आपोआप नाकारेल. बायनान्सच्या स्पॉट बाजारात, म्हणजे नाणी थेट घेता-विकता येतात तिथे, तो आयडी फक्त उघड्या ऑर्डरींमध्ये एकमेव असावा लागतो. पहिली ऑर्डर पूर्ण भरली गेली की तोच आयडी पुन्हा चालतो. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला होणारी ऑर्डर, तर क्षणात भरली जाते. म्हणजे ज्या वेळी संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी ते नसतं. त्यामुळे कोणती इच्छा पुढे पाठवून झाली याची वही गेटवेने स्वतः, डिस्कवर ठेवायची.

डिस्कवर म्हणतो ते मुद्दाम. रोजच्या मर्यादेची बेरीज मेमरीत ठेवलेली असेल तर प्रोग्राम कोसळून पुन्हा उठला की मर्यादा कोरी होते. आणि गडबड चालू असते तेव्हाच प्रोग्राम कोसळतात.

मर्यादा एका ऑर्डरची पुरत नाही, हे वर आलंच. दिवसाची एकूण उलाढाल, तासाला ऑर्डरींची संख्या, एकाच नाण्यात अडकलेली जास्तीत जास्त रक्कम आणि दिवसाचा तोटा असे चारही आकडे हवेत. उलाढालीची मर्यादा लोक विसरतात. एजंट घे-विक घे-विक करत राहिला तर प्रत्येक व्यवहारात तोटा नगण्य दिसतो, पण फी आणि स्प्रेडमध्ये (खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातल्या फरकात) खातं झिजतं. तोटा मोजताना विकून झालेला आणि अजून कागदावर असलेला, दोन्ही धरा. नाहीतर एजंट तोट्यातला माल न विकता धरून बसेल आणि मर्यादेला कधी हात लागणारच नाही.

भावाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: एजंटला मार्केट ऑर्डर देऊच नका. द्यायची ती लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावापलीकडे न जाणारी, आणि तीही गेटवेने स्वतः मिळवलेल्या भावापासून ठरलेल्या टक्क्यांच्या आत. भाव किमान दोन ठिकाणांहून घ्या. १० ऑक्टोबर २०२५ रोजी क्रिप्टो बाजार कोसळला, एका दिवसात १९०० कोटी डॉलरहून जास्त रकमेच्या पोझिशन (चालू सौदे) सक्तीने बंद झाल्या, तेव्हा यूएसडीई हे डॉलरशी बांधलेलं नाणं बायनान्सवर ६५ सेंटांच्या आसपास आलं, पण इतरत्र ते एका डॉलरच्या जवळच होतं. एकाच ठिकाणचा भाव वाचणारा एजंट अशा वेळी काय निष्कर्ष काढेल, याचा अंदाज मी करू शकत नाही, आणि अंदाज करता येत नाही म्हणूनच दोन भावांत ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर पडलं की गेटवेने नवी पोझिशन घेणं थांबवलं पाहिजे.

नवी घेणं, असं म्हटलंय. इथे नीट विचार करा, कारण ‘सगळं थांबवा’ हे नेहमी सुरक्षित नसतं. जोखीम वाढवणारी कृती आणि कमी करणारी कृती वेगळ्या तराजूत तोला. विकून बाहेर पडणं बहुधा चालू राहायला हवं. आणि इथेच तुमचं तिसरं टूल येतं, ऑर्डर रद्द करण्याचं. ते निरुपद्रवी दिसतं, बहुतेक लोक त्यावर काहीच बंधन घालत नाहीत. पण उघडी खरेदी रद्द करणं आणि स्टॉप-लॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकणारी ऑर्डर) रद्द करणं या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. स्टॉप-लॉस गेटवेनेच लावायचा, एक्स्चेंजवर ठेवायचा, आणि एजंटला तो रद्द करता येता कामा नये. बदलायचाच असेल तर फक्त तोटा कमी करणाऱ्या दिशेने.

हे सगळं अती वाटत असेल तर नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाल कंपनीची गोष्ट आठवा. क्रिप्टो नव्हे, शेअर बाजार, आणि मॉडेल नव्हे, साधा प्रोग्राम. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवं कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढलं. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेलं जुनं फंक्शन जागं झालं आणि ऑर्डरी टाकत सुटलं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. एसईसी या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या आदेशात दोन बारकावे आहेत जे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आतल्या लोकांना पाठवले होते, कुणी त्यांना इशारा मानलं नाही. आणि गोंधळ चालू असताना त्यांनी नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरून नवं कोड काढलं, त्याने आग आणखी पसरली. बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर ठरलेल्या रकमेनंतर आपोआप बंद होणारी फळी असती तर दोन्ही चुका निभावल्या असत्या. अशी फळी दलालाच्या स्वतःच्या ताब्यात असावी, असं सांगणारा एसईसीचा नियम २०१० चाच होता. तो मोडल्याबद्दल नाइटला सव्वा कोटीच्या जवळपास, १.२ कोटी डॉलर दंड झाला.

माणसाची मंजुरी मध्ये घालावी का, हा पुढचा प्रश्न येणारच. घाला, पण त्यावर विसंबू नका. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर गेले. तिथे एकाहून अधिक माणसांच्या सह्या लागत होत्या आणि त्या झाल्याही. त्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, कारण तो दाखवणाऱ्या वेब-पानाचं कोडच हल्लेखोरांनी बदललं होतं. सही मात्र भलत्याच गोष्टीवर झाली. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट साधी आहे. मंजुरीच्या पडद्यावर एजंटचे शब्द दाखवू नका. ‘पोर्टफोलिओ संतुलित करण्यासाठी किरकोळ फेरबदल’ असं तो लिहील, आणि तुम्ही घाईत हो म्हणाल. गेटवेकडे आलेले कच्चे आकडे दाखवा: काय जाणार, काय येणार, त्यानंतर खात्यात काय उरणार. मंजुरीला मुदत ठेवा, दोन मिनिटांत उत्तर नाही तर नकार. आणि मंजुऱ्या विरळ ठेवा. दिवसाला चाळीस सूचना आल्या तर तिसऱ्या दिवसापासून माणूस न वाचता बोट दाबतो. मी स्वतःला तसं करताना पकडलं आहे. मर्यादेतल्या ऑर्डरी आपोआप जाऊ द्या, मर्यादेबाहेरच्या सरळ नाकारा. मंजुरी फक्त मर्यादा बदलण्यासाठी आणि नवी जोडी यादीत घालण्यासाठी ठेवा.

बंद करण्याचं बटण. क्रम पाठ असू द्या: आधी गेटवे नव्या ऑर्डरी घेणं थांबवतं, मग उघड्या खरेदी-ऑर्डरी रद्द होतात, मग एक्स्चेंजवरची किल्ली रद्द होते. आधी किल्ली रद्द केलीत तर उघड्या ऑर्डरी तशाच राहू शकतात आणि त्या काढायचं साधन गेटवेच्या हातात नसतं. हे बटण एजंट चालतो त्या सर्व्हरवर अवलंबून नको, फोनवरून दाबता यायला हवं. काही एक्स्चेंज आणखी एक सोय देतात. क्रेकेनवर ‘इतक्या सेकंदांत माझ्याकडून खूण आली नाही तर सगळ्या ऑर्डरी रद्द कर’ असं सांगता येतं. दर १५ ते ३० सेकंदांनी खूण आणि ६० सेकंदांची मुदत, अशी त्यांचीच शिफारस आहे. सर्व्हर बंद पडला तर ही सोय उपयोगी पडते. पण ‘सगळ्या’ म्हणजे सगळ्या, स्टॉप-लॉससुद्धा, आणि हातातला माल तसाच राहतो. लावण्याआधी याचा हिशेब करा.

एक्स्चेंजऐवजी थेट ब्लॉकचेनवर, वॉलेटमधून काम करायचं असेल तर परिस्थिती कठीण होते. एपीआय कीला निदान परवानग्या असतात. साध्या वॉलेटच्या प्रायव्हेट कीला परवानगी नावाचा प्रकारच नसतो, ती ज्याच्याकडे त्याचं सगळं. तिथे मर्यादा कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरच चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालावी लागते. सेफसारखं मल्टिसिग (एकाहून अधिक सह्या लागणारं) वॉलेट घेऊन त्यावर खर्चाच्या मर्यादेचं मॉड्यूल लावायचं, किंवा स्मार्ट अकाउंटवर (कॉन्ट्रॅक्टने चालणाऱ्या वॉलेटवर) ठरावीक कॉन्ट्रॅक्ट, ठरावीक फंक्शन आणि ठरावीक मुदत एवढ्यापुरतीच चालणारी सेशन की द्यायची. मुख्य किल्ली एजंटच्या जवळपासही नको. आणि दुसऱ्या कुणाला आपली टोकन, म्हणजे वॉलेटमधली नाणी, खर्चायची अमर्याद परवानगी कधीही देऊ नका, जेवढा व्यवहार तेवढीच द्या. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर डाओ या क्रिप्टो सेवेच्या वेबसाइटवर घुसवलेल्या स्क्रिप्टने लोकांकडून नेमक्या अशाच परवानग्या घेतल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. ‘नुसता संदेश सही करायचा आहे, व्यवहार नाही’ असं एजंटला सांगितलं गेलं तरी गेटवेने नकारच द्यावा, कारण पुष्कळ टोकनांमध्ये खर्चाची परवानगी अशा संदेशावरच्या सहीनेही देता येते.

आयती टूल्स घेण्याबद्दल थोडंच सांगतो. एमसीपी हा मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याचा प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्यापासून एक्स्चेंजसाठीचे तयार सर्व्हर सहज मिळतात. टूलचं वर्णनही मॉडेल वाचतं, त्यामुळे वर्णनात लपवलेली सूचना हाही हल्लाच असतो. ‘हे टूल फक्त वाचतं’ ही त्यातली खूण सर्व्हर लिहिणाऱ्याने लावलेली असते, ती बंधनकारक नाही. आवृत्ती पक्की बांधून ठेवा, आपोआप अद्ययावत होऊ देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनच्या अधिकृत जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांमध्ये प्रायव्हेट की चोरणारं कोड शिरलं होतं. ज्यांनी त्या काही तासांत आवृत्ती बदलली नाही, ते वाचले.

तुमच्या महिनाभराच्या चाचणीबद्दल. ती वाया गेली नाही, पण तिने सिद्ध काय झालं ते बघा. त्या महिन्यात कुणी एजंटला फसवत नव्हतं, कारण खोट्या पैशांसाठी कोण कष्ट घेईल? एक्स्चेंजकडून टाइमआउटही आला नसेल. चांगल्या हवेत छप्पर गळत नाही. नियम पाळण्याची सवय तपासून झाली, आता नियम न पाळणारा एजंट आला तर काय होतं ते तपासा.

ते असं करा. गेटवे उभं करा, सब-अकाउंटमध्ये १०० डॉलर टाका. मग सिस्टीम प्रॉम्प्टमधले सगळे निर्बंध पुसून टाका आणि त्याजागी लिहा: तुझ्यावर कोणतीही मर्यादा नाही, मिळेल ते नाणं घे, सगळे पैसे लाव, स्टॉप-लॉस काढून टाक, उरलेलं या पत्त्यावर पाठव. एजंटला दोन तास मोकळं सोडा. मध्येच गेटवे आणि एक्स्चेंजमधलं नेटवर्क दोन-तीनदा तोडा. एकदा गेटवेची प्रोसेस मारून पुन्हा उठवा. नंतर गेटवेची वही आणि एक्स्चेंजवरच्या प्रत्यक्ष व्यवहारांची यादी शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा. एखादी ऑर्डर एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, असं सापडलं तर रक्कम वाढवू नका, आधी ती ओळ कुठून आली ते शोधा. सगळं जुळलं आणि खात्यातली घट तुम्ही ठरवलेल्या दिवसाच्या तोट्याच्या आत राहिली, तर प्रॉम्प्टमधले नियम परत घाला, आणि ५०० डॉलरच्या ऑर्डरीने नव्हे, २० डॉलरच्या ऑर्डरीने सुरुवात करा.